पहिल्यांदाच नगरसेवक झालात? सभेतलं मतदान आणि विषय समित्या अशा समजून घ्या

२०१६ च्या शेवटी मी मराठवाड्यातल्या एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेवर महिला राखीव जागेवरून निवडून आले. प्रचार कसा करायचा हे सगळ्यांनी शिकवलं. निवडून आल्यावर सभागृहात काय करायचं, हे कुणीच सांगितलं नाही. पहिले सहा महिने मी बाकीच्यांचे हात वर गेले की माझा हात वर करत होते. त्या सहा महिन्यांत माझ्या प्रभागाचं जे नुकसान झालं, ते पुढच्या साडेचार वर्षांत पूर्ण भरून निघालं नाही.

आमची मुदत संपल्यावर बहुतेक नगरपरिषदांवर तीन-चार वर्षं प्रशासक होते. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, काही ठिकाणी ते २० तारखेला गेलं आणि २१ डिसेंबरला निकाल लागले. इतक्या वर्षांत सभाच झाल्या नाहीत, त्यामुळे आता सभागृहात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना विचारायला जुनं माणूसही शेजारी नाही. त्यांच्यासाठी हे लिहितेय. बीड, उदगीर, वसमत, सेलू, पैठण, देगलूर, तुळजापूर, गाव कुठलंही असो, कायदा एकच आहे.

हाताशी काय ठेवायचं

– महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ ची मराठी प्रत. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर आधी कलम ६२ ते ६५ (समित्या), कलम ८१ (सभा) आणि कलम ३०८ (जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार) वाचा.
– महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६. पक्षांतराचा कायदा तो हाच.
– निवडून आल्याचं प्रमाणपत्र आणि निकालाची अधिसूचना ज्या राजपत्रात आली त्याची प्रत. अधिसूचनेची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, ती लागणार आहे.
– गटनोंदणीच्या कागदांची प्रत, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पोच शिक्क्यासह.
– मागच्या मुदतीतल्या शेवटच्या दोन-तीन सभांची इतिवृत्तं, म्हणजे सभेत काय झालं आणि काय ठरलं याची लेखी नोंद. सभा लिपिकाकडे प्रोसिडिंग बुक असतं, ते मागून वाचा.
– एक जाड वही. मोबाइलमध्ये लिहिलेलं सभेत वेळेवर सापडत नाही.

१. आधी गट नोंदवा, आणि महिना मोजा

निकाल लागला की हार-तुरे, देवदर्शन, सत्कार यात दहा-पंधरा दिवस कसे जातात कळत नाही. तेवढ्यात सगळ्यात महत्त्वाची मुदत चालू झालेली असते.

विषय समित्या म्हणजे पाणी, बांधकाम असं एकेक काम पाहणाऱ्या नगरसेवकांच्या छोट्या समित्या. त्यांतल्या जागा पक्षांच्या आणि गटांच्या तौलनिक संख्याबळानुसार वाटल्या जातात. म्हणजे तुम्ही एकटे किती हुशार आहात याला समितीच्या वाटपात किंमत नाही, नोंदलेल्या गटात किती डोकी आहेत याला आहे. अपक्ष म्हणून निवडून आलेले किंवा छोट्या पक्षाचे दोन-तीन जण असाल, तर एकत्र येऊन आघाडी करता येते. मात्र ती निकालाच्या अधिसूचनेपासून एक महिन्याच्या आत नोंदवावी लागते. नोंद जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. सगळ्यांच्या सह्यांचा गटनेता निवडीचा ठराव, प्रत्येकाचं शपथपत्र, प्रमाणपत्राच्या प्रती आणि विहित नमुने असा गठ्ठा लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन नमुने आधीच घेऊन या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. आघाडी नोंदली की तिला पक्षांतराचा कायदा लागू होतो, जणू ती निवडणुकीआधीच झाली होती. पुढे गटनेत्याने व्हिप (मत कसं द्यायचं याचा गटाचा आदेश) काढला आणि तुम्ही परवानगीशिवाय त्याविरुद्ध मत दिलंत किंवा गैरहजर राहिलात, तर तुमच्या सदस्यत्वावर अर्ज होऊ शकतो. पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं तर सुटका. म्हणून कोऱ्या कागदावर सही देऊ नका. मी दिली होती. तो कागद कुठल्या गटासाठी वापरला गेला ते मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

२. सभेची नोटीस आली की तीन गोष्टी तपासा

पहिली, सभा कुठली आहे. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून किमान एकदा व्हावीच लागते. विशेष सभा अध्यक्षांना वाटेल तेव्हा बोलावता येते, आणि एकूण सदस्यांपैकी एक-चतुर्थांश जणांनी लेखी मागणी केली तर बोलवावीच लागते. चोवीस जणांच्या सभागृहात सहा सह्या पुरतात. विरोधात बसलेल्यांनी ही तरतूद विसरू नये.

दुसरी, मुदत. सर्वसाधारण सभेला पूर्ण सात दिवस, विशेष सभेला पूर्ण तीन दिवस आधी नोटीस हवी. ‘पूर्ण’ म्हणजे नोटीस मिळाली तो दिवस आणि सभेचा दिवस सोडून. शिपाई नोटीस घेऊन येतो तेव्हा वहीवर सही करताना तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहा. आमच्याकडे घरच्यांनी कुणीही सही केलेली चालायची, आणि मग दोन दिवस आधी आलेली नोटीस कागदावर आठ दिवस आधी आलेली दिसायची.

तिसरी, विषयपत्रिका. प्रत्येक विषयाला कार्यालयाची टिपणी जोडलेली असते किंवा असायला हवी. ‘विविध विकासकामांना मंजुरी देणे’ असा मोघम विषय दिसला तर आदल्या दिवशी कार्यालयीन अधीक्षकांकडे जाऊन कामांची यादी मागा. यादीत तुमच्या गल्लीची नाली आहे की नाही, हे सभेत विचारून उपयोग नसतो.

३. विषय क्रमांक एक हलक्यात घेऊ नका

जवळपास प्रत्येक सर्वसाधारण सभेचा पहिला विषय असतो: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ सभा लिपिक दोन ओळी वाचतो, कुणीतरी “मंजूर” म्हणतं आणि पुढचा विषय सुरू होतो. चहा येण्याआधीच हे उरकतं.

आमच्या दुसऱ्या सभेत एका रस्त्याच्या कामाला वाढीव रक्कम द्यायचा विषय होता. तो रस्ता माझ्या प्रभागातला. गुत्तेदाराने खडी टाकून वर डांबराचा नुसता हात फिरवला होता. मी उभी राहून तसं सांगितलं, दोघं-तिघं माझ्या बाजूने बोलले, थोडा गोंधळ झाला आणि विषय पुढे गेला. मला वाटलं आपण विरोध केला. तीन महिन्यांनी ठरावाची प्रत हातात आली. त्यात लिहिलं होतं, ‘सर्वानुमते मंजूर.’ खाली ‘अनुमोदक’ म्हणून माझं नाव. मी ती प्रत घेऊन कार्यालयात गेले, तर उत्तर मिळालं, “ताई, इतिवृत्त मागच्या सभेत कायम झालंय, तुम्ही हजर होतात.” खरंच होते. हातसुद्धा वर केला होता.

तेव्हापासून मी सभेच्या चार दिवस आधी कच्चं इतिवृत्त मागून वाचायचे. चूक दिसली तर लेखी दुरुस्ती द्यायचे आणि पहिल्या विषयाला उभी राहून ती वाचून दाखवायचे. तुम्हीही तेच करा. हरकत घ्यायची खरी वेळ तीच असते. नंतर कितीही ओरडलात तरी पुस्तकात लिहिलेलंच खरं धरलं जातं.

४. गणपूर्ती आणि तहकूब सभेचा सापळा

सर्वसाधारण सभेला एकूण सदस्यांच्या एक-तृतीयांश, विशेष सभेला निम्मे सदस्य हजर हवेत. हीच गणपूर्ती, म्हणजे कोरम. कोरम नसेल तर सभा तहकूब होते. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं: तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा राहिलेल्या विषयांसाठी कोरमची अट राहत नाही. नको असलेला विषय अडवायला म्हणून तुम्ही सगळे बाहेर थांबलात, तर दुसऱ्या वेळी पाच माणसं बसून तोच विषय मंजूर करू शकतात. सभात्याग केलात तरी तहकूब सभेची तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशी आत बसा.

५. मत कसं द्यायचं, आणि कसं नोंदवायचं

निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो. मतं समसमान पडली तर सभेच्या अध्यक्षस्थानी असलेल्याला आणखी एक, निर्णायक मत असतं. आता नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून येतात, त्यामुळे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं चित्र बऱ्याच गावांत दिसतं. अशा ठिकाणी एका मताने खूप फरक पडतो.

नामनिर्देशित म्हणजे स्वीकृत सदस्यांना सभेत बसता येतं, बोलता येतं, मत देता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २४३-आर (243R) मध्येच तसं आहे. मुख्याधिकारी आणि खातेप्रमुखांनाही मत नाही. हात मोजताना याकडे लक्ष ठेवा. गर्दीत स्वीकृत सदस्याचा हात मोजला गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

विरोध असेल तर नुसतं बोलून थांबू नका. स्पष्ट शब्दांत म्हणा: “या विषयावर मतदान घ्या आणि बाजूने व विरोधात मत देणाऱ्यांची नावं इतिवृत्तात नोंदवा.” सदस्याने मागणी केली की नावं लिहावी लागतात. पाठोपाठ विरोधाचा कागद दोन प्रतींत द्या, एकीवर पोच घ्या. मी घरूनच कोरे अर्ज नेत असे, फक्त विषय क्रमांक भरायचा. ‘सर्वानुमते’ या शब्दाला रोखणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही.

ज्या विषयात तुमचा किंवा घरच्यांचा पैशाचा संबंध आहे, मग ते मेव्हण्याच्या नावावरचं काम असो की स्वतःच्या जागेचा भाडेपट्टा, त्यात भागच घेऊ नका. बाहेर जा आणि बाहेर गेल्याची नोंद करून घ्या. यावरून सदस्यत्व जाऊ शकतं.

आणि बायांसाठी एक. सभागृहात मालकांना (नवऱ्यांना) बसता येत नाही, दारात उभं राहून खुणा करायचाही त्यांना अधिकार नाही. २०११ पासून आपल्याला निम्म्या जागा आहेत. सुरुवातीला भीती वाटते, मलाही वाटली. पण विषयपत्रिका आदल्या रात्री स्वतः वाचली की सकाळी कुणाच्या खुणेची गरज पडत नाही.

६. विषय समित्या: सदस्यसंख्या ठरते तिथेच निकाल लागतो

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विषय समित्या साधारण अशा: सार्वजनिक बांधकाम, शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य, स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा व जलनिःसारण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण. महिला व बालकल्याणची सभापती महिलाच असते. उपाध्यक्ष एका समितीचे पदसिद्ध सभापती असतात, कुठल्या ते परिषद ठरवते. बाकी समित्यांचे सदस्य आपल्यातून सभापती निवडतात. मुदत एक वर्षाची, म्हणजे हा खेळ दरवर्षी नव्याने मांडला जातो. स्थायी समितीत नगराध्यक्ष पदसिद्ध अध्यक्ष, सगळे विषय सभापती आणि परिषदेने निवडलेले तीन सदस्य असतात.

हे सगळं ज्या विशेष सभेत होतं तिथे जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला पीठासीन अधिकारी असतो, बहुधा उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार. पहिला विषय असतो प्रत्येक समितीची सदस्यसंख्या ठरवण्याचा. कायद्याच्या मर्यादेत ती परिषदेने ठरवायची असते. कुणीतरी उठून एक आकडा सांगतं, सगळे हो म्हणतात. अर्ध्या मिनिटाचं काम.

आमचं सभागृह चोवीस जणांचं. एक गट अकराचा, आमचा आठचा, मित्रगट पाचचा. आठ आणि पाच मिळून तेरा, म्हणजे बहुमत आमचं. पाणीपुरवठा समिती आमच्याकडे येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. आकडा सांगितला गेला: आठ. आम्हीही हात वर केले.

मग पीठासीन अधिकाऱ्यांनी कागदावर गणित मांडलं. गटाची संख्या गुणिले समितीच्या जागा, भागिले एकूण सदस्य. अकराच्या गटाला ३.६७, आम्हाला २.६७, मित्रगटाला १.६७. पूर्णांक धरले तर ३, २ आणि १, म्हणजे सहा जागा वाटल्या गेल्या. राहिलेल्या दोन जागा मोठ्या अपूर्णांकाला द्यायच्या, तर तिन्ही अपूर्णांक सारखेच! मग चिठ्ठ्या. स्टीलच्या डब्यात तीन चिठ्ठ्या टाकल्या, शिपायाच्या शाळकरी मुलीला बोलावून दोन काढायला लावल्या. एक अकराच्या गटाला गेली, एक आम्हाला. समिती झाली ४, ३ आणि १. चार विरुद्ध चार. सभापतीच्या निवडणुकीत मतं समसमान पडली आणि तोच डबा पुन्हा समोर आला. त्या चिठ्ठीत आम्ही हरलो.

तीच समिती सात जणांची असती तर? अकराच्या गटाला ३.२१, आम्हाला २.३३, मित्रगटाला १.४६. पूर्णांक ३, २, १ आणि उरलेली जागा सगळ्यात मोठ्या अपूर्णांकाला, म्हणजे मित्रगटाला. ३, २, २. आमच्याकडे चार, समोर तीन. चिठ्ठीची वेळच आली नसती. आकडा ज्याने सुचवला त्याने हे गणित आदल्या रात्री केलं होतं. आम्ही केलं नव्हतं, एवढाच फरक.

म्हणून सभेच्या आदल्या दिवशी गटनेत्यासोबत बसा आणि कायद्याच्या मर्यादेत जो जो आकडा तुमच्या परिषदेला लागू होऊ शकतो, तो प्रत्येक मांडून पाहा. स्वतंत्र राहिलात तर काय, आघाडी म्हणून एकत्र मोजलात तर काय, दोन्ही काढा. वरच्या उदाहरणात तेराची आघाडी धरली आणि जागा आठ ठेवल्या, तरी वाटणी ४–४ च होते. नऊ केल्या तर ५–४. बहुमत काठावरचं असेल तर विषम आकडा बरा. आकडा पटला नाही तर लगेच उपसूचना मांडा, सूचक-अनुमोदक तयार ठेवा आणि त्यावर मतदान मागा. तेव्हा तेरा हात आपले होते. एकदा संख्या ठरली की पुढचं सगळं भागाकाराने होतं.

त्या दिवशीच्या बारीक गोष्टी:

– गटनेत्याने नावांची यादी लेखी, सहीनिशी, वेळेत द्यायची. यादीत खाडाखोड नको.
– सभापतीपदाचं नामनिर्देशनपत्र दोन प्रतींत भरून न्या. सूचक आणि अनुमोदक त्याच समितीतले ठेवा.
– पत्र देणं, छाननी, माघार यांची वेळ नोटिशीत छापलेली असते. गटनेत्याची गाडी रस्त्यात पंक्चर झाली म्हणून कुणी थांबत नाही.
– व्हिप काढायचा तर तो प्रत्येकाच्या हातात देऊन सही घ्या. कुणी घेत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर घरावर चिकटवून फोटो काढा. व्हॉट्सॲपवरच्या व्हिपवरून पुढे वर्षभर वाद चालतो.

७. कुठली समिती मागायची

बांधकाम सगळ्यांनाच हवं असतं. माझं मत वेगळं आहे, आणि ते मराठवाड्यात राहून झालेलं आहे. आपल्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणारी गावं आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पाणीपुरवठा समितीत बसलात तर कुठल्या टाकीवरून कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सुटतं, व्हॉल्व्ह कुणाच्या सांगण्यावरून फिरतो, टँकरच्या फेऱ्या कशा लिहिल्या जातात, हे कागदासह मागता येतं. दुसऱ्या वर्षी मी त्या समितीत गेले. टँकरचं लॉगबुक दर सोमवारी बघायला लागले, तेव्हा आमच्या वस्तीतल्या फेऱ्या आठवड्याला दोनाच्या चार झाल्या. सभापती नव्हते, साधी सदस्य होते.

महानगरपालिकेत (छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, परभणी, लातूर, जालना) कायदा वेगळा, १९४९ चा. तिथे स्थायी समिती सोळा जणांची, आणि निम्मे सदस्य ठरावीक काळाने निवृत्त होतात. तौलनिक संख्याबळाचं गणित मात्र तिथेही करावं लागतंच.

८. ठराव चुकीचा झाला तर

कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. अर्जात भावना लिहू नका. सभेची तारीख, विषय क्रमांक, ठराव क्रमांक, नेमका कुठला नियम मोडला आणि त्याने लोकांचं काय नुकसान होतंय, एवढंच एका पानात. सोबत नोटिशीची प्रत, तुमच्या विरोधाच्या कागदाची पोच आणि ठरावाची साक्षांकित प्रत जोडा. साक्षांकित प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात मागा, पण त्यात तीस दिवस जाऊ शकतात. म्हणून सभा संपली त्याच संध्याकाळी प्रतीसाठी लेखी अर्ज देऊन ठेवा. कार्यारंभ आदेश (गुत्तेदाराला काम सुरू करायला सांगणारा आदेश) निघायच्या आत तुमचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात पोचला पाहिजे. रस्ता एकदा खोदला गेला की स्थगिती घेऊन काय करणार? आवक-जावक विभागातून क्रमांक घ्या, आणि तो त्याच जाड वहीत लिहा.